पाण्याचं तळघर, सोळावी खेप

९ मार्च, रविवार

दादा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी माझं लक्ष खिडकीबाहेर असणार. म्हणून थेट सुरू करतो. मी बरा आहे. तू कसा आहेस हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

वहिनीचं कार्ड मिळालं. तिला माझा पत्ता बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाने दिला असणार, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कार्डावर तीनच ओळी. 'एकवीस एप्रिलला ह्यांची चौकशी आहे. परवाना कायमचा जाईल म्हणतात, वर पोलीस केस. तुमची सहल संपली असेल तर कळवा.' सहल! मला एरवी 'अरे-तुरे' करते, टोमणा मारायचा असला की 'तुम्ही'.

तर पहिली गोष्ट, मी पळून आलो नाही. मला तसंही बाहेर पडायचं होतं. भिंगरी जागेवर ठेवली की ती पडते, असं तूच सगळ्यांना सांगायचास. अपघात झाला त्याच ऑक्टोबरात निघालो, हा योगायोग.

दुसरी गोष्ट, तार मी काढली होती. हे मी देवाशप्पथ सांगू शकतो.

वहिनीला हे तारेचं प्रकरण नीट कळलेलं नसणार, तिला हे वाचून दाखव. वहिनी, लिफ्टचं दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून दर मजल्याच्या दाराला लॉक असतं. दुरुस्तीच्या वेळी ते आडवं येतं. मग वर मशीनच्या खोलीत, पॅनेलमध्ये, दोन स्क्रूंना तारेचा तुकडा जोडून त्या लॉकला फसवायचं. काम झालं की तुकडा काढायचा. राहिला, तर दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. त्या दुपारी तशी चालली, आणि तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसणाऱ्या मावशींचा पाय मध्ये सापडला. एवढंच.

आता इथलं सांगतो. मधे चार गावं झाली. बर्फाच्या कारखान्यात होतो, मग रस्त्यावर पांढरे पट्टे मारायच्या गाडीवर, मग एका बागेत. बागेत एक मोर होता, तो फक्त माझ्या चपलांवर चिडायचा. का ते शेवटपर्यंत कळलं नाही. असो. सध्या एका दुकानात आहे. मालक टीव्हीला जोडायची जुनी खेळाची यंत्रं उघडून दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. परवा एका गिऱ्हाइकाने कॅसेट आणून दिली आणि माझे हातच थांबले. आपली, दादा. कंदीलवाल्याची. तीच चॉकलेटी कॅसेट, तीच आपल्याला न वाचता येणारी अक्षरं.

डॉक्टर म्हणाला, "येतो का तुला हा खेळ?"

म्हटलं, "लहानपणी दहा वेळा पार केलाय. सगळी तळघरं."

"मग तूच तपास. आज खेळून सेव्ह कर, उद्या ते टिकतंय का बघ."

तपासतो आणि लिहितो.

तुझा,
भिंगरी


१६ मार्च, रविवार

दादा,

टिकत नाही. कॅसेटच्या पोटात एक बटणाएवढी बॅटरी असते, माहीत होतं तुला? यंत्र बंद असताना सगळं ध्यानात ठेवायचं काम तिचं. ती मेली आहे. यंत्र बंद केलं की कंदीलवाला पुन्हा आपल्या झोपडीत झोपलेला. ना कंदील, ना किल्ल्या.

डॉक्टर म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे, बदलून टाकतो."

मी म्हटलं, "आत्ता बदलू नका."

"का रे?"

"अजून तपासतोय."

तो चष्म्यावरून बघत राहिला. त्याला वाटलं असेल, पोराला फुकटात खेळायला मिळतंय. तसं मिळतंयच. रविवारी दुकान बंद असतं, सकाळी सातला शटर अर्धं वर करून बसतो आणि संध्याकाळी लाइट लावायच्या आत उठतो. एका बैठकीत जेवढं होईल तेवढंच आपलं. हुकलं की पुन्हा झोपडीपासून.

तीन वेळा पाण्याच्या तळघरात मेलो. आठवतं ना, तीन दांडे, एक ओढला की पाणी वर, एक ओढला की खाली, आणि तिसरा कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही? किल्ल्या मोजक्या. चुकीच्या दाराला किल्ली घातली की संपलं, आत अडकलात, असं तू सांगायचास. मी किल्ली हातात घेऊन पाऊण तास एका दारासमोर उभा होतो. कंदीलवाल्याला उभं ठेवलं की तो जांभई देतो. चौदा जांभया मोजल्या.

हे तळघर मी दहा वेळा पार केलं नव्हतं, दादा. एकदाही नाही. मैदानात पळायचं, गवत कापायचं, कोंबड्यांच्या मागे लागायचं, तेवढं माझ्याकडे होतं. तळघराचं दार आलं की तू नुसता हात पुढे करायचास आणि मी रिमोट द्यायचो. मला तळघरातलं संगीतसुद्धा धड आठवत नव्हतं. मी बहुतेक उशी डोक्यावर घेत असणार.

चौकशीचं काय झालं ते लिही. कंपनीवाले काय म्हणतात? आणि मावशी चालतात का?

भिंगरी


३० मार्च, रविवार

दादा,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, वाटलं चार पानं असतील. वहिनीने वर्तमानपत्राचा कागद घालून ते फुगवलं होतं, बाहेरून काही वाचता येऊ नये म्हणून. आत तुझं एकच वाक्य. खरं तर तीन. 'येऊ नकोस. मी एकटा होतो असं लिहून दिलंय. आता मधे येऊन मला खोटं पाडू नकोस.'

आणि त्याखाली वहिनीच्या अक्षरात, तुला न दाखवता लिहिलेलं: 'कंपनी म्हणते, तीन इमारती एका दिवसात उरकायच्या म्हणून ह्यांनी जाणूनबुजून तार ठेवली.'

मी हे रस्त्यावरच वाचलं. एक सायकलवाला मला शिव्या देऊन गेला.

तू एकटा होतास म्हणजे वर तूच होतास. वर तूच होतास म्हणजे पॅनेल तुझ्या डोळ्यांसमोर होतं. तार दिसत होती, तरी खाली येऊन रजिस्टरमध्ये 'सर्व ठीक' लिहून सही केलीस. मग ते जाणूनबुजूनच झालं ना? दुसरं काय म्हणतील? तू स्वतःच त्यांच्या हातात दोरी दिलीस.

मला कळतं तू असं का केलंस. माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. दोनदा फॉर्म भरलास तू, दोनदा मी परीक्षेला गेलो नाही. एकदा तर बसमधून मधेच उतरलो, कारण नदीवर कुणीतरी तराफा बांधत होतं. आणि बिनसर्टिफिकेटचं माणूस पॅनेलपाशी जाता कामा नये, हा नियम तू मला शंभर वेळा वाचून दाखवला होतास. तरी त्या दिवशी तुझा जोडीदार आजारी पडला, आणि मी म्हटलं, "मी जातो वर, काय मोठंसं, एक तार तर काढायचीय."

मी तार काढली होती, दादा. हे अजून खरं आहे. मी तसं लिहून पाठवू का? न येता? 'वर मी होतो, तार काढली होती' एवढंच?

पाण्याच्या तळघरात नऊ खेपा झाल्या. एक शोध लागला. चुकीच्या दाराला किल्ली घातली तरी अडकत नाही. मी चिडून घातली एकदा, म्हटलं होऊन जाऊ दे. दुसरी किल्ली दुसऱ्या खोलीत, माठाखाली. म्हणजे तू मला उगाच घाबरवायचास, की तुलाही माहीत नव्हतं?

भिंगरी


६ एप्रिल, रविवार

दादा,

आज खेळलो नाही. शटर अर्धं वर आहे, समोर टीव्ही बंद आहे, आणि माझे तीन कागद फाडून झालेत.

देवाशप्पथ लिहिलं होतं तिथून सुरू करतो.

वरच्या खोलीत पॅनेलच्या मागे कबुतराचं घरटं होतं. तू ते बघितलं नसशील, तू वर आलास तेव्हा बघायच्या अवस्थेत नव्हतास. साधं घरटं नव्हतं ते. काड्यांच्या जोडीला आपल्याच लोकांनी कापून टाकलेल्या तारांचे तुकडे, लाल, पिवळे, निळे, असे गोल गोल वळवून बसवलेले की वाटावं कुणी कारागिराने केलंय. त्यात दोन अंडी. मी वाकून बघत होतो, किती रंग आहेत ते. पाच होते. एक तर हिरवा-पिवळा पट्ट्यांचा.

तू खालून हाक दिलीस, "काढली?"

मी म्हटलं, "काढली!"

माझा हात पॅनेलला लागलासुद्धा नव्हता.

ठरवून खोटं बोललो नाही, पण हे कुणाला पटेल? तुला पटेल, म्हणून तुलाच लिहितोय. लहानपणी तू न्हाणीघरातून ओरडायचास, "सेव्ह केलं?" आणि मी म्हणायचो, "केलं!" कधी केलेलं असायचं, कधी नसायचं. तुझा प्रश्न आला की माझं उत्तर तोंडातून निघायचं, जशी शिंक येते तशी. एकदा आख्खं वाळूचं तळघर गेलं. मला वाटलं आता मार बसणार. तू मांडी घालून बसलास आणि पहिल्यापासून पुन्हा खेळून काढलंस, दीड दिवस. तेव्हा मारलं असतंस तर! मी त्यातून काय शिकलो माहीत आहे? दादा पुन्हा करून देतो.

आणि तू त्या दिवशी वर येऊन का बघितलं नाहीस? हे विचारायचं नव्हतं, पण आता लिहिलंय तर खोडत नाही. माझं 'केलं' किती पोकळ असतं हे जगात फक्त तुलाच ठाऊक होतं.

पुढचंही लिहितो. किंचाळी वरपर्यंत आली. आधी कळलंच नाही ती माणसाची आहे. मग मी पॅनेलकडे वळलो, आणि तार तिथेच होती. तेव्हा मी ती काढली. मावशी खाली ओरडत होत्या आणि मी स्क्रू सोडवत होतो. म्हणजे कुणी आलं तर तार जागेवर नसावी. असं हे 'काढली होती'. महिनाभर मी तुला अगदी खरं वाक्य लिहून पाठवत होतो.

तू वर आलास. तार माझ्या मुठीत होती. तू माझी बोटं एकेक करून उघडलीस, तार घेतलीस आणि एवढंच म्हणालास, "घरी जा."

मी निघालो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलो. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिची पाठ होती माझ्याकडे. मी तसाच पुढे चालत राहिलो.

पळून आलो, दादा.


१३ एप्रिल, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

काल बसस्टँडवर गेलो होतो. तिकडची बस दोन नंबरला लागली होती. मी पाच नंबरच्या बसमध्ये बसलो, उलट्या दिशेच्या. चुकून नव्हे. खिडकीची जागा मिळाली, छान वाराही लागला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठे उतरणार?" मी म्हटलं, "शेवटच्या स्टॉपला." "शेवटचा कुठला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तिसऱ्या स्टॉपला मी उतरलो आणि नऊ किलोमीटर चालत परत आलो.

भीती कसली वाटते ते सांगतो. तुरुंगाची वाटते, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त त्या टेबलाची. समोर साहेब बसणार आणि विचारणार, "तुम्ही वर काय करत होता?" आणि मला म्हणावं लागणार, कबुतराचं घरटं बघत होतो. कुणाचा तरी गुडघा गेला आणि मी रंग मोजत होतो. हे मोठ्याने बोलायचं, मावशींच्या देखत.

परत आलो तर डॉक्टर टेबलावर वाकलेला. कॅसेट उघडी, हातात सोल्डरिंगची सुई, धूर.

"काय करताय?"

"किती खेपा झाल्या त्या पाण्यात?"

"पंधरा. या आठवड्यात रात्रीही बसलो."

"गिऱ्हाइकाची कॅसेट आहे बाबा, तुझ्या तपश्चर्येसाठी आणलेली नाही त्याने. मंगळवारी न्यायला येणार आहे."

बॅटरी बदलून टाकली त्याने. मला विचारलंही नाही.

आज सोळावी खेप. पाणी खाली, दुसरी किल्ली माठाखालून, मग तिसरा दांडा. तो कशासाठी असतो ते कळलं, दादा. तो पाण्याचा नाहीच, तो दार उघडं धरून ठेवतो. आतला राक्षस तर काहीच नव्हता, चार वारांत गेला. त्याच्याच भीतीने मी उशी घेत होतो. मग सेव्ह केलं. यंत्र बंद केलं. दहा मिनिटं बाहेर उभा राहिलो. परत चालू केलं, तर कंदीलवाला तळघराच्या पायऱ्यांवर उभा, ओला, सगळ्या किल्ल्यांसकट.

मला आनंद व्हायला हवा होता. आता पुन्हा खेळायला काही उरलं नाही. मंगळवारी कॅसेट जाईल.

डॉक्टर दारात उभा राहून म्हणाला, "पुढे किती तळघरं आहेत?"

"तीन."

"मग आता?"

मी म्हटलं, "सोमवारी, एकवीसला, मला सुट्टी लागेल."

तो म्हणाला, "एकाच दिवसाची?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

हे पत्र टाकणार नाही, सोबत ठेवतोय. तुला आधी कळलं तर तू वकिलाकडे जाशील, साहेबाकडे जाशील, काहीतरी करून मला वाचवशील.


२१ एप्रिल, सोमवार, सव्वाअकरा

दादा,

तू चार खुर्च्या सोडून बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. शिपाई म्हणाला, "जबाब होईपर्यंत आपसात बोलायचं नाही." लिहायचं नाही असं काही म्हणाला नाही. तू बारीक झालास. शर्ट वहिनीने इस्त्री केलेला दिसतोय, कॉलर उभी राहिली आहे. मला बघून तू उठलास, मग बसलास, मग जमिनीकडे बघत बसलास. एकदा मान हलवलीस. नको म्हणालास. मी बघितलं.

यादीत माझं नाव नव्हतं. टेबलावरच्या कारकुनाला म्हटलं, "घाला."

"तुम्ही कोण?"

"त्या दिवशी वर होतो तो."

"वर कोणी नव्हतं. जबाबात एकटेच आहेत ते."

"म्हणूनच घाला म्हणतोय. आणि त्यांच्या आधी घाला."

तो आत जाऊन आला आणि यादीत वरच्या बाजूला पेनाने काहीतरी खरडलं.

मग मी ज्या खुर्चीत बसलो, तिच्या शेजारी मावशी. मी त्यांना ओळखलं नाही, दादा. तेव्हा मी वरून फक्त आवाज ऐकला होता. काठी दिसली, आणि सरळ पुढे काढलेला पाय, तो वाकत नाही. त्यांनीच विचारलं, "तू कोणाकडचा रे? कंपनीचा का लिफ्टवाल्याचा?"

मी ठरवलं होतं, आत जाऊन सांगायचं, टेबलासमोर, एकदाच. पण त्यांनी विचारलं, आणि 'लिफ्टवाल्याचा' म्हणून गप्प बसणं म्हणजे पुन्हा तेच खरं वाक्य झालं असतं. म्हणून सांगितलं. कबुतर, पाच रंग, 'काढली', मग किंचाळी, मग स्क्रू. सगळं. माझा आवाज मधेच फाटला. तू मान वर केली होतीस, तुला ऐकू जात नव्हतं, पण तुला कळलं असणार.

मावशींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "वय किती?"

"बावीस."

"मी ओरडत होते तेव्हा तू स्क्रू सोडवत होतास?"

"हो."

"जवळ ये. मला वाकता येत नाही."

मी वाकलो. त्यांनी अशी एक ठेवून दिली की कारकुनाचं पेन थांबलं. कान अजून वाजतोय. शिपाई धावत आला, "ए, काय चाललंय इथे? बोलायचं नाही म्हटलं ना!"

मावशी म्हणाल्या, "बोललो कुठे? ओळख झाली."

तू तेव्हा पुन्हा उठला होतास. शिपायाने तुला खांदे धरून बसवलं. पहिल्यांदा बघितलं तुला कुणीतरी बसवताना.

थोड्या वेळाने त्या समोर बघतच म्हणाल्या, "आत हे सगळं असंच सांग. कबुतरसुद्धा सांग. आणि रडू नकोस, शब्द कळत नाहीत."

मी विचारलं, "दुखतं का?"

"जिने चढताना. आता काही झालं तरी मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, म्हणजे रोजच."

दार उघडलं. मला बोलावतायत. न टाकलेलं ते पत्र आणि हा कागद मावशींच्या मांडीवर ठेवतोय, त्या तुझ्याकडे सरकवतील म्हणाल्या. तू उठू नकोस, हात पुढे करू नकोस. तुला आत बोलावतील तेव्हा माझं सांगून झालेलं असेल.